टेक, प्रेन्देरे आणि मंडई

केवळरामने 'टेक', म्हणजे 'घेणे', या इंग्रजी शब्दाची एकतीस कार्डं केली होती. रसायनशास्त्राचा पदवीधर तो. एक अर्थ, एक कार्ड. तुरीनची त्याची पत्रमैत्रीण लुचिया प्रत्येक अर्थ तपासून त्या जागी इटालियनमधला 'प्रेन्देरे' चालतो की नाही ते कळवायची. कॉफीला चालतो, उन्हाला चालतो, फोटोला नाही. शेवटच्या पत्रात तिने 'प्रेन्देरे'चा एक अर्थ जादाचा दिला होता: स्टेशनवर जाऊन आपल्या माणसाला घेऊन येणे. त्याचं उदाहरण केवळरामला सुचेना. त्याच्या गावी, आंबागडला, आता त्याचं कोणी उरलं नव्हतं. सानगडीच्या शाळेत मास्तर म्हणून लागून सहा महिने झाले होते.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, भरली. घरमालकीण शकुनबाईंनी गावोगावच्या पाहुण्यांना जेवणाचे निरोप धाडले होते. सकाळपासून अंगणात बैलबंड्या लागत होत्या. बोलावल्याशिवाय मंडईच्या जेवणाला जायचं नसतं, हे केवळरामला लहानपणापासून ठाऊक. त्याला मात्र कोणी एका शब्दानं म्हटलं नव्हतं. तो माडीवरच्या खोलीत कार्डं लावत बसला. जिन्यावर पाऊल वाजलं की पेन थांबायचं. पंगती उठल्या, चौकात दंडारीच्या नाचाचा ढोल वाजून थांबला, बंड्या निघाल्या.

दिवस कलता शकुनबाई वर आल्या.

"तब्येत बरी नाही का जी, मास्तर?"

"बरी आहे, मावशी."

"मंग खाली काहून नाही आले? पाहुन्यायले पानी द्याले मानूस नव्हता. माहा भाऊ तीनदा इचारे, तुहा मास्तर कोठी लपला?"

"मले कोनी बोलावलं नाही."

शकुनबाई बघतच राहिल्या. "घरच्या मानसाले कोनी बोलावते का, बाप्पा!"

तो धावत खाली गेला. चटया गुंडाळून झाल्या होत्या. शेवटची बंडी वळणावर होती.

शकुनबाईंनी उरलेले वडे वाढले आणि थकून समोर बसल्या. "पुढच्या मंडईले तुमचे पाहुने बलावजा. घर मोठं आहे."

"हो," तो म्हणाला.

वर येऊन त्याने कोणाला बोलवावं याची यादी करायला घेतली. बराच वेळ कागद कोराच राहिला. मग बत्तिसाव्या कार्डावर त्याने उदाहरण लिहिलं: साकोलीच्या बसस्टँडवर मी तुला घ्यायला येईन. तेच वाक्य त्याने लुचियाला लिहायच्या पत्रात उतरवलं. पत्र पोचायला अठरा दिवस लागत. मंडईला अजून वर्ष होतं.