डावा तळहात

ऐक शिवगंगे, मधी बोलू नकोस, आधी सगळं ऐक. आमच्या अप्पांना तू ओळखतीस, धान्याच्या बाजारात, गंजात मापाडी हायत. परवा हमालाच्या हातून ज्वारीचं अख्खं पोतं त्यांच्या पायावर पडलं. अप्पा म्हणाले काय, "सावकाश घे, बाबा." बास! सगळा गंज वाहवा करायलाय. वीरभद्रप्पा म्हणजे साधूच! मला असली चीड आली म्हणून सांगू!

कामून म्हणजे? अगं, हेच अप्पा भाकरी गार झाली तर ताट भिंतीवर फेकायचे. आईला, आमच्या अव्वाला मारायचे. डावखुरे ना ते, डावा हात उठला की आम्ही भावंडं कोपऱ्यात. रझाकार गेले, निजामाचं राज्य गेलं, आमच्या घरातलं मात्र काही जाईना. शेवटी मठातल्या स्वामींनी अप्पांना बसवून घेतलं.

"राग म्हंजे डोक्यात पडलेली चाकोरी हाय," म्हणाले. "गाडी आपोआप तिकडंच जाती. रोज पहाटे गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घे अन् त्याच्यावर नजर ठिवून बस. मन पळालं की परत आण. नवी चाकोरी पडती, जुनी बुजती."

अन् बुजली की गं! ढोंग न्हाई, मी पाहिलंय. आधी राग यायचा तवा उठून अंगणात जायचे. मग उठायचंबी बंद झालं. रागच येईना. माणूसच दुसरा!

पण आता पूजेला बसलेले अप्पा डोळ्यांसमोर आण. इष्टलिंग डाव्या तळहातावर. अव्वा शेजारी बेलाची पानं घेऊन उभी. अप्पांनी हात नजरेसमोर उचलला, की अव्वाची मान आत अन् खांदा कानाला. रोज! अन् अप्पांची नजर लिंगावर. शेजारी काय व्हायलंय ते दिसावं कसं?

मी सांगितलं, "अप्पा, अव्वा भ्यायलीय."

"कुणाला?"

"तुमाला. हात उचलता ना."

तर शांतपणे हसले! "त्यात काय, तिलाबी बसव माझ्याजवळ. मन थाऱ्यावर येतंय." असं वाटलं, आता मीच ताट फेकावं.

बसली बिचारी. अप्पांनी हात उचलला अन् अव्वानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. पानं सगळीकडं सांडली. तवा पहिल्यांदा अप्पांची नजर लिंगावरून हलली. अव्वाकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं.

अव्वाच ओशाळली. "तुमी करा की पूजा. माझं डोस्कंच येडं झालंय," म्हणाली अन् पानं वेचायला लागली. दुपारी गाठोडं बांधलं. "मंठाळला भावाकडं जाऊन येते."

गेली ती आलीच न्हाई. गल्लीतल्या बायांची तोंडं काय बंद होतेत? सुशीलाबाई म्हणती, "मार खाल्ला तवा नांदली गं, अन् आता नवरा देवमाणूस झाला तर पळाली!" काय बोलावं असल्यांना? अप्पांची चाकोरी बुजली, सगळ्यांनी बघितली. अव्वाच्या डोक्यात पडलेली कुणी बघायची?

एका सकाळी अप्पा म्हणाले, "हेमा, तू जा. तुझं ऐकंल ती. म्हणावं, पूजा मी मठातच करतो. घरात हात..." डोळे भरले होते. मला वाईटबी वाटलं अन् रागबी आला. दोन्ही एकदम.

गेले मी. कल्याणीपर्यंत मोटारीनं, पुढं बैलगाडीनं. मामाच्या घरी पोचले तर अव्वा ओसरीवर निजलेली. भर दुपारी! आमच्या घरी कधी दिवसा पाठ टेकली न्हाई तिनं. अप्पा कवा येतील ह्याचा नेम नसायचा ना.

तेवढ्यात मामाची सून पाणी घेऊन आली अन् डोक्यावरची घागर निसटून फरशीवर आदळली. ठण्णदिशी! मी दचकले. बैल बिथरले.

अव्वा फक्त कुशीवर वळली. हात गालाखाली घेतला अन् परत निजली.

मामा गाडीजवळ उभा. "उठीव की तिला, हेमा. जायचं न्हाई व्हय? कल्याणीची मोटार चुकंल."

मी तिच्या उशाशी बसलेली. अप्पांचा निरोप तोंडावर आलेला.

सांग शिवगंगे, तू असतीस तर उठवलं असतंस तिला?