पेरोलाची अबोली जर्सी

पेरोला नावाचा देश तुम्हाला माहीत नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्याशी फुटबॉल खेळायला जाणाऱ्या संघांनाही तो विमानात बसल्यावरच कळतो. हिंदी महासागरातली इवलीशी बेटं. नकाशावर माशी बसली की देश झाकला जातो. पण त्यांना राष्ट्रगीत आहे, राष्ट्रीय संघ आहे आणि परदेशी मैदानावर घालायच्या जर्सीला चक्क इतिहास आहे. तो लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण यंदाच्या जर्सी आम्ही शिवल्या.

आम्ही म्हणजे चेन्नईतल्या गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक लहानसा कारखाना. दारावर पाटी आहे, 'सत्यनारायण अँड डॉटर, स्पोर्ट्सवेअर'. सत्यनारायण म्हणजे आमचे मालक, अप्पा. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेले मराठी. त्यांचं मराठी ऐकलं की एखादा सरदार तमिळ शाळेत शिकून आलाय असं वाटतं. मी प्राची, डिझायनर. कोल्हापूरची आहे, त्यामुळे फुटबॉलबद्दल मला कुणी शिकवू नये. आमच्याकडे जर्सीच्या रंगावरून सख्खे भाऊ वेगळे जेवतात.

आणि डॉटर? डॉटर कारखान्यात नव्हती. पाटीवर होती, तेवढीच.

संयुक्ता श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात रंग जुळवायच्या खात्यात नोकरी करते. आधी ती अप्पांकडेच होती. मग एकदा तिनं रंग मोजायचं मशीन घेऊ या म्हटलं. अप्पा म्हणाले, माझे डोळे असताना मशीन कशाला? ती म्हणाली, मग डोळेच ठेवा, मी जाते. ती गेली. म्हणजे नोकरीवर गेली. राहायला घरातच, वेस्ट मांबलमच्या त्याच फ्लॅटमध्ये. त्या दिवसापासून दोन वर्षं बाप-लेकीत अबोला. मी त्यांच्याच एका खोलीत भाड्यानं राहते, म्हणून हे सगळं मला जेवणाबरोबर फुकट वाढलं जायचं.

एका छताखालचा अबोला सांभाळायला घरात पोस्ट ऑफिस लागतं. ते होत्या तुळसीमामी, अप्पांची बायको.

"तुझ्या लेकीला सांग, तिच्या छत्रीचं पाणी माझ्या चपलांवर पडतंय."

"आई, त्यांना सांग, चपला स्टँडवर ठेवायच्या असतात."

दोघंही एकाच टेबलावर, मध्ये रसमचं पातेलं. मामी मान इकडून तिकडं वळवून तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या. मला मनापासून चीड यायची. दोघांचंही नाक एकाच साच्यातलं, आणि दोघांच्याही रागाचा शेंडा त्याच नाकावर. पण अप्पा रोज सकाळी कारखान्यात शिरताना हातरुमालानं पाटीवरचं 'डॉटर' तेवढं पुसायचे, हेही मी पाहिलं होतं. 'सत्यनारायण'वर धूळ तशीच असायची.

आता पेरोलाच्या जर्सीचा इतिहास. तो मी त्यांच्या फेडरेशनच्या सेक्रेटरीबाईंकडून व्हिडिओ कॉलवर ऐकला, आणि हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.

पेरोलाची घरची जर्सी पिवळी. पहिल्यांदा परदेशी खेळायला गेले, तर यजमानही पिवळेच! दुसऱ्या जर्सी यांच्याकडे नव्हत्याच. मग खेळाडूंनी पांढरे बनियन घालायचं ठरवलं. आदल्या दिवशी हॉटेलात कपडे धुवायला दिले. तिथल्या माणसानं पिवळ्या जर्सी, पांढरे बनियन आणि कप्तानाचा लाल टॉवेल एकाच मशीनमध्ये कोंबले. बनियन बाहेर आले ते लाल नाही, पिवळे नाही, गुलाबी नाही, असल्या भलत्याच रंगाचे. तेच घालून पेरोला एका गोलनं जिंकली. परदेशातला तो त्यांचा पहिला विजय आणि आजपर्यंतचा शेवटचा.

तेव्हापासून तो रंग म्हणजे शकुन. पण तो परत कुणालाच जमला नाही. एका कंपनीनं विटकरी केला; खेळाडू पडले की मैदानात बांधकाम चालू आहे असं वाटायचं. दुसरीनं गाजरासारखा केला. तिसरीनं कंटाळून निळाच दिला, आणि पेरोलाच्या राजधानीत मोर्चा निघाला. म्हणून सेक्रेटरीबाईंनी त्या सामन्यातला उरलेला एकमेव बनियन कुरियरनं आमच्याकडे पाठवला.

"हा देशाचा ठेवा आहे," त्या म्हणाल्या. "सांभाळा."

देशाचा ठेवा रविवारी सकाळी वेस्ट मांबलमला घरी आला. अप्पांनी हात धुतले, पुसले, मग पाकीट उघडलं. बाल्कनीत नेऊन बनियन उजेडात धरला. अंगाचा रंग उडून गेला होता. अप्पांनी खिशातली बारीक कात्री काढली आणि गळपट्टीची शिवण जराशी उसवली. आत, जिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथं रंग ताजा होता.

"कनकांबर!" अप्पा म्हणाले.

"अबोली!" मी म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझा शब्द त्यांना ठाऊक नव्हता आणि त्यांचा मला. पण रंग समोर होता, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

नेमका त्याच दिवशी अनिकेत तिरुपूरला कापड रंगवणाऱ्याकडे बसला होता. अनिकेत आमचा मार्केटिंगवाला, पुण्याचा. त्याला सगळं आधीच माहीत असतं. रंगवणाऱ्याचं मशीन त्या दिवसापुरतंच मोकळं होतं. अप्पांनी फोन लावला.

"मी फोटो पाठवते," मी म्हटलं.

"फोटो नक्को. फोटोत रंग खोटं बोलतो." मग फोनवर, "अनिकेत, कनकांबर करायला सांग. कनकांबर कलर. कळटलं कां?"

आत संयुक्ता इडली खात होती. ती ताटाकडे बघत म्हणाली, "आई, त्यांना सांग, मशीनवर रीडिंग घ्या आणि नंबर पाठवा. नंबर चुकत नाही."

"तुळसी, तिला सांग," अप्पा बाल्कनीतून म्हणाले, "माझ्या डोळ्यांना नंबर अजून लागटला नहीं."

मामींनी दोन्ही निरोप पोचवले.

गुरुवारी कापड आलं. गठ्ठा सोडला आणि कारखाना उजळून निघाला. कापड सोनेरी होतं. लखलखीत, पेढीवरच्या सोन्यासारखं. पेरोलाची घरची जर्सी पिवळी, आणि परदेशी घालायची आता सोनेरी. ज्या घोळातून ही जर्सी जन्माला आली, तोच घोळ आम्ही नव्यानं, स्वतःच्या खर्चानं विणून आणला होता.

"सर, तुम्हीच म्हणालात कनकांबर," अनिकेत म्हणाला. "पीतांबर म्हणजे पिवळं वस्त्र. कनक म्हणजे सोनं. कनकांबर म्हणजे सोनेरी वस्त्र. मी त्याला गोल्ड सांगितलं. साधा समास आहे."

अप्पांनी डोळे मिटले. मग त्यांनी तिरुपूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रंगवणारा पलीकडून ओरडलाच, "कनकांबरमा? अदै मोदल्लये सोल्ल कूडादा?" म्हणजे कनकांबर होय, ते आधीच सांगायचं नाही का! कनकांबरम हे इथल्या देवळापुढं गजऱ्यात मिळणारं फूल. तमिळनाडूतल्या शेंबड्या पोरालाही त्याचा रंग विचारा. अनिकेतनं तो शब्द जसाच्या तसा पुढं ढकलला असता, काहीही न समजता, तरी काम फत्ते झालं असतं. पण नाही, त्यानं समास सोडवला!

मी त्याला जे काही बोलले ते कोल्हापुरी होतं, इथं लिहीत नाही.

पण अप्पांकडे पाहिलं आणि थांबले. ते गठ्ठ्यावर बसले होते, खांदे पाडून. आयुष्यभर त्यांनी शाळांच्या खेळाच्या तासाचे टी-शर्ट शिवले. राष्ट्रगीताला उभा राहणारा संघ त्यांच्या कापडात पहिल्यांदाच दिसणार होता. नवं कापड विणून रंगवायला वेळ नव्हता.

"मशीन असतं तर नंबर गेला असता," ते म्हणाले. "पोरगी खरं सांगत होती." हे त्यांनी मला सांगितलं. जिला सांगायचं तिला सोडून.

संध्याकाळी घरी जाताना मी देवळापुढं थांबले आणि त्या फुलांचा एक गजरा मामींसाठी घेतला. स्वयंपाकघरात त्यांना सगळा घोळ सांगितला.

"आमच्याकडे याला अबोली म्हणतात, मामी."

"म्हणजे?"

"न बोलणारी. वास नाही ना हिला, म्हणून असेल."

मामी गजऱ्याकडे बघत राहिल्या. "बोलत नहीं, पण बघा, किती सुंदर अहे," त्या हळूच म्हणाल्या. मग तो त्यांनी अंबाड्यात माळला, गॅस बंद केला आणि बाहेर येऊन टेबलाशी बसल्या.

जेवायला सगळे बसले. अप्पांनी घसा साफ केला. "तुळसी, तुझ्या लेकीला विचार, सोनेरी कापडावर काय टाकटलं तर कनकांबर होईल."

मामींनी भात कालवला.

"तुळसी?"

मामींनी अंबाड्याकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे.

पाळी माझ्यावर आली. "अप्पा," मी म्हटलं, "मामींनी आज अबोली माळलीय. आमच्या भाषेत अबोली म्हणजे न बोलणारी. पोस्ट ऑफिस बंद आहे."

"कधीपर्यंत?" संयुक्तानं विचारलं.

मामींनी खांदे उडवले आणि ताकाचा पेला उचलला. त्या माउलीच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षं दोघांचं भांडण तिच्या तोंडून चाललं होतं. तिचं स्वतःचं वाक्य बोलायला तिला जागाच नव्हती.

पंखा फिरत होता. रसम गार होत होतं. अप्पांनी मीठ मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. मीठ संयुक्तापाशी होतं. मला तर ओरडावंसं वाटत होतं, बोला ना एकदाचे, तुमच्या हट्टापायी एक देश उघडा खेळेल!

"संयुक्ता," अप्पा ताटाकडे बघत म्हणाले. त्यांनी पुन्हा म्हटलं, "संयुक्ता. सोन्यावर काय टाकायचं?"

तिनंही ताटाकडेच पाहिलं. "गुलाबी. पण थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"ते डोळ्यांना नाही कळणार, अप्पा. मोजावं लागेल."

झालं, मला वाटलं. आता पुन्हा दोन वर्षं.

"मग मोज," अप्पा म्हणाले. "मशीन कुठून आणायचं?"

संयुक्ता उठली, आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती एक खोकं घेऊन आली, वर प्लास्टिक तसंच होतं. "पहिल्या पगारात घेतलं होतं," ती म्हणाली. "तुमच्यासाठी. पण द्यायचं तर बोलावं लागलं असतं."

उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हातानं अप्पांनी खोक्यावर बोट फिरवलं, पाटीवर फिरवायचे तसंच. मी मिठाचं भांडं उगाच इकडून तिकडं सरकवलं.

मग बनियन टेबलावर आला. संयुक्तानं मशीन त्याच्या छातीवरच्या कापडाला टेकवलं.

"तिथं नक्को! तिथं ऊन लागटलंय. ते सांगेल तो रंग खोटा." अप्पांनी गळपट्टीची शिवण आणखी उसवून आतलं कापड ताणून धरलं. "इथं. खरा रंग इथं अहे."

संयुक्ता क्षणभर त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. "हे मशीनला कळलं नसतं," ती म्हणाली आणि तिथं मशीन टेकवलं.

पुढचं सोपं होतं. तिनं सुट्टी काढली, दोघं मिळून तिरुपूरला गेले, सोन्यावर गुलाबी चढलं. मशीन म्हणालं जुळलं. अप्पा म्हणाले किंचित अजून. किंचित चढवून पुन्हा मोजलं तर तेही बरोबर. त्यावर दोघं परतीच्या गाडीत चेन्नईपर्यंत भांडले, असं अनिकेत सांगतो. त्याला मी शिक्षा म्हणून सोबत पाठवलं होतं.

सामना आम्ही कारखान्यातच फोनवर पाहिला. राष्ट्रगीताला पेरोलाचा संघ ओळीनं उभा राहिला, हिरव्यागार मैदानावर अबोलीचा अख्खा गजरा. अप्पांनी डोळे पुसले आणि सांगितलं की फोनचा उजेड लागतो. पेरोला पाच गोलांनी हरली. सेक्रेटरीबाईंचा मेसेज आला, "रंग अगदी तोच! खेळाचं आम्ही बघतो." खाली विचारलं होतं, इतिहासात या रंगाचं नाव काय लिहायचं?

"कनकांबर," अप्पा म्हणाले.

"अबोली," संयुक्ता म्हणाली. "त्याच नावामुळे झालं सगळं."

अजून ठरलेलं नाही. संयुक्तानं नोकरी सोडलेली नाही. पहाटे कंपनीची बस कोपऱ्यावर येते, आणि आता अप्पा तिला पोचवायला जातात. काल मी गॅलरीतून पाहिलं. ती बसमध्ये चढली, खिडकीशी बसली, तरी अप्पा हातवारे करून काहीतरी पटवत होते. बस हलली. ते बसबरोबर चालू लागले, मग भरभर चालू लागले, आणि कोपऱ्यावरून बस वळून गेल्यावरही त्यांचं बोलणं थांबलं नव्हतं.

माझ्या शेजारी मामी उभ्या होत्या. अंबाड्यात ताजी अबोली होती.

"आधी बरं होतं," त्या म्हणाल्या. "घरात जरा शांतता तरी होती." आणि हसत हसत कॉफी ठेवायला आत गेल्या.