कोपऱ्यातला लाल आकडा

पूर्वी एक्स-रेला फिल्म होती तेव्हा किरणं जास्त पडली की फोटो काळाठिक्कर यायचा आणि चूक लगेच पकडली जायची. आता किरणं जास्त पडली तरी कॉम्प्युटर फोटो सावरून घेतो. किरणं कमी पडली तर मात्र फोटोवर बारीक वाळू सांडल्यासारखी दिसते आणि डॉक्टरांचा फोन येतो, "बाई, माझे डोळे फोडायचेत का?" दोनदा बोलणी खाल्ली आणि मी शहाणी झाले. चौपट किरणं सोडायची. फोटो लख्ख, सगळे खूश.

पेशंटच्या अंगावर किती किरणं पडली त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात येतो, मर्यादा ओलांडली की लाल होतो. त्याची कटकट नको म्हणून मी त्यावर फोन नंबरांची कागदी पट्टी चिकटवली होती. त्याला वर्ष झालं.

आज धाकटी बहीण तिच्या चिमणीला घेऊन आली. चार वर्षांची पोर, खोकून बेजार. मी पट्टी उपटली. चिमणीच्या छातीची जाडी मोजली, किरणं कुठे पडणार ते दाखवणारा उजेडाचा चौकोन छातीपुरताच आवळला, किरणं अगदी उतरवली. आकडा हिरवा आला. फोटोत थोडी वाळू होती, पण फुप्फुसं स्पष्ट दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "छान आहे." बस, एवढंच! वर्षभर मी कशाला घाबरत होते?

"ताई, तू होतीस म्हणून बरं," असं म्हणून बहीण गेली. मला तिच्याकडे बघवलं नाही.

पुढची मुलगी चिमणीएवढीच होती. न्यूमोनिया बरा होतोय का ते बघायला महिन्यात चौथ्यांदा आलेली. मी तिचे जुने फोटो उघडले. तिन्ही मीच काढलेले, तिन्ही आकडे लालभडक.

"मॅडम, तुमचे फोटो फार स्वच्छ येतात म्हणे," तिची आई कौतुकाने म्हणाली. "म्हणून मी मुद्दाम तुमचीच ड्युटी बघून येते."

मी चिमणीसारखाच फोटो काढला. आईने पडद्याकडे निरखून पाहिलं. "आज जरा पुसट आलाय का हो?"

"नाही. आज बरोबर आलाय."

"मग आधीचे?"

मी मुलीच्या फ्रॉकची बटणं लावत राहिले. शेवटचं बटण लागलं, तेव्हा मान वर न करता तिला सगळं सांगितलं.