भुसा जातो कुठे

"भुसा निघतो कुठून ते सगळेच बघतात. जातो कुठे ते बघा," कसबा पेठेतले संपतकाका मला म्हणाले होते. मी मान डोलावली आणि मोबाइलवर व्हॅक्यूम क्लिनरचे रिव्ह्यू वाचत राहिले. चाळीस वर्षं लाकडी अक्षरं कापणाऱ्या माणसापेक्षा रिव्ह्यू लिहिणाऱ्या अनोळखी लोकांवर माझा विश्वास जास्त. शेवटी इंजिनिअर आहे मी.

काकांकडूनच मी त्यांचं जुनं स्क्रोल सॉ मशीन घेतलं होतं. शिलाई मशीनला सुईच्या जागी करवतीचं बारीक पातं लावलं तर जे होईल, तेच. मुलगी राजनंदिनी झाल्यावर खराडीतली नोकरी सोडली आणि हडपसरच्या आमच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत लहान मुलांसाठी लाकडी कोडी कापायला लागले. हत्तीची सोंड वेगळी, कान वेगळे, असली.

राजनंदिनी अडीच वर्षांची आहे. मी फार काळजी करते असं लोक म्हणतात. मी काळजी करत नाही, नुसतं लक्ष ठेवते. तिच्या खोलीत हवा शुद्ध करायचं यंत्र आहे, दाराच्या फटीला गुंडाळलेला टॉवेल आहे, आणि झोपेत ती मिनिटाला किती श्वास घेते ते लिहायला एक वही आहे. मागे एकदा तिला सांभाळायला येणाऱ्या मालनबाईंना शिंक आली. एकच. मी त्यांना चार दिवस सुट्टी दिली आणि पाचव्या दिवशी दारातच उभं करून, टॉर्च मारून घसा बघितला. "ताई, आता दात बी मोजून घ्या," त्या म्हणाल्या होत्या. मला तो विनोद वाटला.

तर, एका दुपारी राजनंदिनी लागोपाठ दोनदा शिंकली आणि बाल्कनीतल्या कपड्यांवर पिठासारखा थर दिसला. आठवड्यात व्हॅक्यूम घरात आला. पाणीही ओढतो आणि कचराही, असा पिंपाएवढा.

मशीनखालच्या भुशाच्या तोंडाला व्हॅक्यूमचा पाइप काही बसेना. मग सायकलची जुनी ट्यूब कापून दोघांची सोयरीक जमवली. खालचा भुसा जायला लागला, पण पात्याजवळचा वरचा तसाच उडायचा. तिथे दुसरा पाइप आणला आणि त्याच्या टोकाला राजनंदिनीच्या दुधाच्या बाटलीचं तोंड कापून बसवलं.

"बाटली सोडवायला आठ महिने लागले," माझा नवरा सौमित्र म्हणाला, "आणि आता मशीनला लावलीस?"

पण चाललं! पात्याजवळ कणभर भुसा राहिला नाही. मी फोटो काढून संपतकाकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "आणि पुढे?" म्हाताऱ्या लोकांना नवीन काही पटत नाही, असं मी सौमित्रला सांगितलं.

अडचण एकच होती, आवाजाची. मला वेळ मिळायचा राजनंदिनी झोपल्यावर, म्हणजे एक ते तीन. आणि आमच्या लिफ्टशेजारी नोटीस आहे: 'दुपारी १ ते ४ यंत्र, वाद्य व मूल वाजवू नये.' सॉ बिचारं गुरगुरतं फक्त. व्हॅक्यूम मात्र बोंबलतो. म्हणून मी पाइप खिडकीच्या गजांतून आत घेतला, व्हॅक्यूम स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवला आणि त्याच्यावर दोन गोधड्या टाकल्या. गरम होऊ नये म्हणून मागून हवा सुटायला जागाही ठेवली. इतका विचार करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल.

ती हवा सुटत होती तिथे मालनबाई पाट टाकून बसायच्या. दुपारची भाजी निवडायची त्यांची ती जागा.

दोन महिने असे गेले. मी वहीत श्वास लिहीत होते. सगळे उत्तम.

मग एका दुपारी पातं तुटलं. नवीन पातं ओट्याच्या खणात होतं, म्हणून व्हॅक्यूम चालूच ठेवून मी आत गेले. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात अख्खी हवा पांढरी नाचत होती. निवडलेल्या मेथीवर थर. मालनबाईंच्या केसांवर थर. त्या तोंडात पदराचा बोळा धरून, खांदे हलवत, अजिबात आवाज न करता खोकत होत्या.

मी व्हॅक्यूम बंद केला, उघडला. आत पाण्यासाठीचा स्पंज. कोरड्या धुळीसाठीची कापडी पिशवी खोक्यात, माहितीपुस्तकाबरोबर, सीलबंद. म्हणजे लाकडाचे तुकडे पिंपात राहत होते आणि पिठासारखा बारीक भुसा मी बाल्कनीतून उचलून, बाटलीच्या तोंडाने ओढून, थेट त्यांच्या नाकाशी पोचवत होते. दोन महिने, रोज, एक ते तीन. आणि मी आत यायच्या आधी त्या सगळं पुसून ठेवत असणार.

"कधीपासून खोकताय?"

"झालं की म्हयना. जास्तच."

"अहो, मग सांगितलं का नाही मला?"

"तुम्हाला?" त्या हसल्या आणि हसताना पुन्हा उबळ आली. "एका शिंकेला चार दिस बाहेर ठिवलंत. खोकल्याला तर पोरीला शिवू बी दिलं नसतं. ती माज्याबिगर झोपती का?"

नाही झोपत. तेही वहीत लिहिलेलं आहे.

त्याच संध्याकाळी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, फुंकायला लावलं, पंपाने ओढायचं औषध दिलं आणि महिनाभर घरी बसवलं. "लाकडाच्या कामाला आहेत का?" त्यांनी विचारलं. मालनबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "न्हाई हो, पोर सांभाळते."

संपतकाकांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. "आता कळलं ना, जातो कुठे?" एवढंच म्हणाले. सध्या मशीन झाकून ठेवलंय. पिशवी आता बसवली आहे. मागची हवा बाहेर सोडायला मोठा पाइपही आणलाय. पण तो जोडायला हात होत नाही.

मालनबाईंना मी दिवसातून दोनदा फोन करते. "झ्याक हाय," त्या म्हणतात. परवा त्यांच्या घरी गेले. ताठ बसल्या, चहा केला, राजनंदिनीची खुशाली विचारली. वीस मिनिटांत एकदाही खोकल्या नाहीत. मी निघाले, दोन जिने उतरले, आणि वरून तो आवाज सुरू झाला. थांबवून ठेवलेला, आता सुटलेला. मी परत वर गेले नाही. गेले असते तर त्यांनी तो पुन्हा थांबवला असता.

म्हणून तुम्हाला विचारते. हडपसर गावात जाणं होतं का तुमचं? मंडईच्या मागे पिठाची गिरणी आहे, तिच्या वर दुसऱ्या मजल्यावर निळं दार. वाट चुकल्याचं सांगा, पाणी मागा, थोडं बसा. बोलताना दम लागतो का, ओढायचं औषध हाताशी आहे की कपाटावर ठेवून दिलंय, तेवढं बघून या. फक्त मी पाठवलंय असं सांगू नका. नाहीतर मला जे सांगत नाहीत, ते त्या तुम्हालाही सांगणार नाहीत.