मी दुखणं मोजते

मी दुखण्याची पट्टी बोलतेय. हसू नका! ताप मोजायला थर्मामीटर असतो, मग दुखणं कुणी मोजायचं? मीच ना?

अंगानं मी वीतभर, प्लास्टिकची. अंगावर शून्य ते दहा आकडे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक चेहरा. शून्य खदाखदा हसतो, दहा ढसाढसा रडतो. गुडघेदुखीवर एक नवीन मलम चालतं का, हे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बनवून घेतलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना दम भरला, "ज्याचा गुडघा, त्यानंच आकडा सांगायचा."

पण माणसं कसली बिलंदर! कुणी डॉक्टरीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून दोनवर बोट ठेवतं. कुणी सून शेजारी असली की थेट दहावर! माझी पार अब्रू घालवली हो यांनी.

त्यातून आमचे रंगारीकाका. जन्मभर भिंती रंगवून गुडघे कामातून गेलेले, पण पुन्हा शिडीवर चढायचा ध्यास. मलमानं त्यांना खरंच उतार पडत होता. पण सोबत काकू असायच्या!

"काका, आज किती?" सिस्टर विचारायची.

"चार."

"कसले चार! सकाळी उठताना केवढे विव्हळले. सात लिहा."

"बरं, सात."

काकूंना दाराबाहेर थांबवलं. तर काका "चार" म्हणाले, की बाहेरून खोकला. "पाच?" पुन्हा खोकला. "सहा?" सगळं शांत.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "पुन्हा असं झालं तर काकांचं नाव कापणार. मलम बंद!"

काकांचं तोंड एवढंसं झालं. काकूही घाबरल्या. पुढच्या खेपेला त्या वर आल्याच नाहीत, खालीच थांबल्या. काकांनी एकट्यानं, ठणकावून सांगितलं, "तीन!" मला तर नाचावंसं वाटलं. सिस्टरनं कौतुकानं काकूंना वर बोलावलं.

दोन जिने चढून काकू आल्या आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. "तीन? चला, चढा आता शिडीवर आणि पडा!"

सिस्टर त्यांच्याकडे बघतच राहिली. "काकू, तुमचे गुडघे कसे आहेत?"

"मला काय धाड भरलीय?"

सिस्टरनं मला त्यांच्यासमोर धरलं. काकूंनी शून्यावर बोट टेकवलं.

"नऊ," काका म्हणाले. "खाली बसली की भिंत धरून उठते. मी बघतोय असं दिसलं, की गाणं गुणगुणते. मला काय कळत नाही?"

काकूंचे डोळे भरून आले. मी इतके गुडघे मोजले, पण ते बोट माझ्यावर टेकलेलं असूनही मला कळलं नव्हतं. लाज वाटली मला.

मग काकूंनी बोट उचललं आणि हळूच पुढे सरकवलं. "आठ लिहा," त्या म्हणाल्या. "यांना सगळं वाढवून सांगायची सवय आहे."

आता मलमाच्या पुढच्या तुकडीत काकूंचं नाव आहे. माझे आकडे पुसट झालेत, कडा तडकल्यात, नवीन पट्टी यायची आहे. जाण्याआधी एवढंच सांगते. तुमच्या घरात "मला काय होतंय" म्हणणारं कुणी असेल, तर त्यांना एकदा विचारा. आणि पहिल्या उत्तरावर बिलकूल विश्वास ठेवू नका.