हक्कसोडपत्र

घर विकायला नेत्रावतीची ना नव्हती. बाप बसलिंगप्पा लकव्यानं पडला तेव्हापासून सात वर्षं तिनं कर्नाटकातल्या कमलनगरच्या त्या घरात त्याचं हगणंमुतणं काढलं होतं. नवऱ्यानं टाकलेली बाई, जाणार तरी कुठं? बाप गेला आणि महिन्याभरात धाकट्या भावानं, महेशकुमारनं, गिऱ्हाईक आणलं.

"अक्का, उद्या वकिलाकडं चल. लाइटचं मीटर दोघांच्या नावावर करायलोय. तुजी एक सही लागती."

गिऱ्हाईक म्हणजे भीमराज मास्तर, सावध माणूस. कागद तपासायला त्यांनी पवित्रा वकीलबाई नेमली होती. बाईच्या ऑफिसात टेबलावर कानडी कागद होता. नेत्रावती कानडी घडाघडा बोलायची, पण शाळा शिकली मराठीत. कानडी अक्षरं म्हणजे तिला नुसती वेटोळी. तिनं पेन उचललं.

"थांबा अक्का. वाचून दाखवल्याबिगर मी सही घेत न्हाई."

"कामून येळ घालवायलाव, बाई?" महेश म्हणाला.

बाईनं वाचलंच. घरातला आपला हिस्सा नेत्रावती राजीखुशीनं भावाला सोडून देत होती.

"माजा हिस्सा किती?"

"निम्मा."

नेत्रावतीनं पेन खाली ठेवलं आणि भावाच्या तोंडाकडं न बघता ती चालती झाली.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन परतली, तर दाराला नवं कुलूप. लुगडी, शुगरच्या गोळ्या, आधारकार्ड, सगळं आत. ती तशीच वकीलबाईकडं गेली.

"मी मास्तरांची वकील, अक्का. तुमची केस मला घेता येत न्हाई. दुसरा वकील बघा. कोर्टातनं कुलूप निघतंय."

"किती दिसात?"

बाई कागद चाळत राहिली.

दोन दिवस नेत्रावती शेजारच्या बसम्माच्या ओसरीवर राहिली. तिसऱ्या दिवशी बसम्माच चाचरत म्हणाली, "आमाला तुमच्या भांडणात वढू नगंस माय." त्याच दुपारी महेश आला.

"सही कर. बिदरला माज्या घरी वरची खोली तुजी. सख्खी बहीण रस्त्यावर टाकीन व्हय?"

वकीलबाईनं कागद पुन्हा शब्दन् शब्द वाचला. "कुणाचा दाब हाय का?"

महेश खुर्चीला खुर्ची लावून बसला होता.

"न्हाई," नेत्रावती म्हणाली.

मास्तरांनी सहज विचारलं, "उन्हाळ्यात बोअरला पाणी असतंय का?"

"असतंय. एप्रिलात जरा कमी हुतंय," तिनं खरं तेच सांगितलं.

रजिस्ट्री झाली. स्टँडवर महेशनं तिची पेटी खाली ठेवली, बिदरच्या बसमध्ये चढला आणि खिडकीतून म्हणाला, "वरच्या खोलीत सध्या पोरीचा अभ्यास चाललाय. परीक्षा झाली की फोन करतो."

नेत्रावती आता निर्णा गावात मावसबहिणीकडं धुणीभांडी करते. महेशची पोरगी पास झाल्याचं तिला तिथंच, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून कळलं.