चौथ्या पेप्टाइडची नोंद

आभा दीक्षितला रजिस्टरमधलं पान शोधावं लागलं नाही. दोन वर्षं ती त्या पानाकडे फिरकली नव्हती, पण तारीख पाठ होती. २८ ऑक्टोबर २००८. तिच्या हाताखालचा संशोधक किशोर गावित याच्या निळ्या अक्षरात एक ओळ, आणि तिच्यापुढे लाल शाईत आभाचा शेरा : 'लोडशेडिंग. व्हॅक्यूम अपुरा. अग्राह्य.'

टेबलावर हैदराबादच्या एका प्रयोगशाळेचं पत्र होतं. तुमच्या शोधनिबंधातल्या सात पेप्टाइडांपैकी सहांचे निकाल आमच्याकडे जुळले, चौथ्याचा जुळत नाही; मूळ नोंद पाठवावी.

पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे. नाशिकच्या या संस्थेत मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यांचं वजन होई. पेप्टाइडला धन भार द्यायचा, लेबल म्हणून निवडलेल्या रेणूला ऋण, आणि दोघांना यंत्राच्या आत एकत्र कोंडायचं. वजन वाढलं की लेबल लागलं, असं वाटतं. पण विरुद्ध भाराचे आयन नुसतेही चिकटून बसतात. म्हणून त्यांना हेलियम वायूत धडका द्यायच्या. खरंच जोडलेल्या लेबलाचा एक बारीक तुकडा गळतो, बाकीचं राहतं. नुसतं चिकटलेलं अख्खं सुटतं आणि पेप्टाइड मूळ वजनावर येतं.

"आमच्याकडं आवणी झाली की आठवड्यानं आई भाताचं रोप हलकं ओढून बघते," सुरगाण्याकडचा किशोर तेव्हा म्हणाला होता. "हातात आलं तर रुजलं नाय."

वीज गेली की यंत्राच्या आत हवा शिरे आणि व्हॅक्यूम पुन्हा जमायला दिवस जाई. म्हणून किशोर दिवाळीला घरी गेला नाही. लक्ष्मीपूजनाला वीज जात नाही, हे नाशिकमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी त्याने चौथं पेप्टाइड ओढून पाहिलं. लेबल अख्खं सुटून आलं.

निबंध पाठवायला तीन दिवस उरले होते. सातांचे सहा झाले असते तरी तो छापला गेला असता. पण लेबल 'सर्व' पेप्टाइडांना जोडलं जातं, असं शीर्षकात होतं. आभाने लाल पेन उचललं, आणि चौथ्याचं नुसतं वाढलेलं वजन निबंधात गेलं.

पुढे किशोरची फेलोशिप वाढवायच्या बैठकीत संस्थेचे प्रमुख वेणीमाधव सर म्हणाले की, किशोरचा हात मशीनवर बसलेला नाही. आभा शेजारच्याच खुर्चीत होती. ती काही बोलली नाही. किशोर ओझरला गेला, एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायला.

आता सरांनी हैदराबादचं पत्र वाचलं आणि हसले. "लोडशेडिंग होतं म्हणून कळव. नाशिकच्या लोडशेडिंगवर कोण शंका घेणार?"

"सर, त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. वीज गेलीच नव्हती."

सरांनी चष्मा काढून पुसला. "हे हैदराबादला कुठून कळणार? मार्चमध्ये प्रोजेक्टचं नूतनीकरण आहे, आभा. अर्जावर नाव तुझं आहे."

रविवारी ती ओझरला गेली. कारखान्यासमोरच्या टपरीवर किशोर गणवेशातच आला.

"मॅडम, तुम्ही इकडं? बस चुकली की काय?"

तिने पानाची झेरॉक्स पुढे केली. त्याने ती कपाखाली ओली होऊ नये म्हणून हातातच धरली.

"शेरा खोटा होता," आभा म्हणाली. "लिहितानाच मला माहीत होतं."

चहावर साय धरली होती, ती किशोरने बोटाने बाजूला काढली.

"मला वाटायचं, तुमच्या तारीख ध्यानात आली नसेल. गडबडीत होतं माणसाचं. सगळ्यांना तेच सांगितलं मी." तो थोडा हसला. "आईला मात्र म्हटलं, लाइट गेली, काम फुकट गेलं. ती म्हणाली, लक्ष्मीपूजनाला? अरे, त्या दिवशी तर आपल्या पाड्यावर पण होती! मग मी विषय बदलला."

"मी हैदराबादला खरं कळवते. तुझी फेलोशिप—"

"तिची मुदत संपली, मॅडम. चौथं जोडलेलं नाय, ते कळवा. कुणीतरी त्याच्यावर पुढचं काम करत असंल."

भोंगा झाला. चहाचे पैसे त्यानेच दिले; पाहुण्याकडून घेत नाहीत म्हणाला.

सोमवारी आभाने रजिस्टरमध्ये लाल शेऱ्याखाली लिहिलं : 'वरील शेरा खोटा आहे. वीज होती, व्हॅक्यूम ठीक होता. किशोर गावित यांची नोंद बरोबर. चौथ्या पेप्टाइडचा दावा मागे घेत आहे.' खाली सही आणि त्या दिवसाची तारीख. पानाच्या तीन प्रती काढल्या. एक हैदराबादच्या पाकिटात गेली, एक सरांच्या टेबलावर. तिसऱ्या पाकिटावर तिने ओझरचा पत्ता घातला.

त्या प्रतीवर खाली चार बोटं जागा कोरी होती. तिथे माफीची ओळ मावली असती. ती टपरीवर बसून म्हणायची होती, आणि तिथे चहा संपेपर्यंत तिच्या तोंडून ती निघाली नव्हती. जागा कोरी ठेवून तिने पाकीट चिकटवलं.